ड्रेनच्या तोंडाला लावलेलं सिलिकॉन: एका डायलिसिस युनिटमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

युनिट बारा मशीनचं. आठ स्टेशन जुनी, चार नंतर वाढवलेली. मी तिथे बायोमेडिकलचं काम बघायचो, म्हणजे मशीन, आरओ प्लांट, पाण्याचे रिपोर्ट हे सगळं माझ्याकडे. आणि ड्रेन? ड्रेन कुणाकडेच नव्हता. प्लंबिंगवाल्यांना वाटायचं ते मशीनचं आहे, आम्हाला वाटायचं ते बिल्डिंगचं आहे, आणि सिस्टरांना वाटायचं कुणीतरी बघत असेलच. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो कारण पुढचं निम्मं ह्यातूनच झालंय. (ओळख पटेल असं सगळं काढलंय, स्टेशनचे नंबरही बदललेत.)

ज्यांनी मशीनची मागची बाजू बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मशीन मिनिटाला साधारण ५०० मिली डायलायसेट (रक्त शुद्ध करायचं द्रावण) बनवतं, ते डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमधून फिरतं, रक्तातला कचरा घेऊन बाहेर येतं आणि मागच्या नळीतून ड्रेनला जातं. चार तासांच्या एका सेशनला १२० लिटर. ह्या वापरलेल्या पाण्यात युरिया, फॉस्फेट, ग्लुकोज, बायकार्बोनेट सगळं असतं आणि वर ते कोमट असतं, म्हणजे जंतूंना गरम गरम वाढलेलं ताटच म्हणा. आत येणाऱ्या पाण्यावर आपण कार्बन फिल्टर, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारा), आरओ, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), एंडोटॉक्सिनची (जंतूंच्या विषाची) तपासणी एवढा जीव टाकतो आणि बाहेर जाणाऱ्याचं एकदा भोकात गेलं की संपलं.

प्रत्येक स्टेशनच्या मागे भिंतीत एक वॉल बॉक्स. त्यात वर आरओ पाण्याचं कनेक्शन, बाजूला ॲसिड आणि बायकार्ब (डायलायसेट बनवायची दोन द्रावणं) ह्यांचे कनेक्टर आणि खाली ड्रेनचं तोंड. बॉक्सच्या तळाला एक छोटं भोक असतं, सांडलेलं पाणी त्याच ड्रेन लाइनला जावं म्हणून. म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी आणि सगळ्यात घाण पाणी ह्यांच्यात वीतभर अंतर.

जुन्या आठ स्टेशनला मशीनची ड्रेन नळी एका नरसाळ्याच्या वर लटकवलेली होती, मध्ये मोकळी हवा. दिसायला गबाळं, पण बरोबर. नव्या चार स्टेशनला, ९ ते १२, नळी थेट पाइपात घातली होती. नंतर वास येतो अशी तक्रार आली म्हणून कुणीतरी नळीभोवती सिलिकॉन भरून तोंड बंद करून टाकलं. ते कुणी केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी ते बघितलं होतं आणि मनात म्हणालो होतो, अरे वा, काम स्वच्छ केलंय.

अडचण कशी समोर आली

पहिली खूण अलार्मची होती. दोन आठवड्यांत तीन-चार वेळा ११ आणि १२ नंबरच्या मशीनला फ्लोचा अलार्म आला, सिस्टरांनी म्यूट करून परत चालू केलं, पाच-दहा मिनिटांत आपोआप सुरळीत झालं. मी फिल्टर बदलला, पंप तपासला, सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं, त्याने सगळे आकडे बघून मशीन ओके लिहून दिलं. आणि मशीन ओकेच होतं.

मग एक सिस्टर म्हणाल्या, "सर, १२ च्या बॉक्समध्ये पाणी साचतंय." मी जाऊन बघितलं तर कोरडं. परत दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या, परत कोरडं. मी जरा हसण्यावारी नेलं हे कबूल करतो. आता त्या सांगत होत्या सव्वासातचं आणि मी युनिटला यायचो नऊला, पण हा साधा हिशोब तेव्हा डोक्यात आला नाही.

तिसरी गोष्ट झाली तेव्हा मात्र सगळे खडबडून जागे झाले. १० नंबरवरच्या पेशंटला, गळ्यात परमकॅथ (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी, कॅथेटर) असलेल्या, दीड तासाने हुडहुडी भरून थंडी वाजली आणि ताप चढला. डॉक्टरांनी सेशन थांबवलं, ब्लड कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं. आमच्या टेक्निशियनने पोरगा चांगला म्हणून लगेच मशीनला हीट डिसइन्फेक्शन लावून टाकलं. मी पोचलो तेव्हा सायकल संपत आलेली. मी त्यानंतर डायलायसेटचं सॅम्पल घेतलं. म्हणजे पुरावा धुवून झाल्यावर फोटो काढल्यासारखं झालं.

शोध

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जाऊन ९ ते १२ च्या समोर स्टूल टाकून बसलो. पहिली शिफ्ट लागली, सगळं शांत. सात-दहाला भिंतीतून गुडगुड असा आवाज यायला लागला, आणि १२ च्या बॉक्सच्या तळाच्या भोकातून पाणी वर आलं. हळूहळू, अजिबात घाई नसल्यासारखं. पिवळसर, वर थोडा फेस, दोन बोटं उंच. बायकार्बच्या कनेक्टरचं बूड त्यात भिजत होतं. मग ११ च्या बॉक्समध्ये. १२ चा अलार्म वाजला. दहा-बारा मिनिटांनी पाणी उतरलं, मागे एक चिकट रेघ राहिली आणि आठ वाजता बॉक्स कोरडा. नऊला येणाऱ्या माणसाला काय दिसणार!

पाणी उतरायला लागताच मी सरळ आरओ रूममध्ये गेलो होतो, तर कार्बन फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) नुकतं संपून सॉफ्टनरचं चालू होतं. बॅकवॉश रात्री दोनला लावलेलं असतं, युनिट बंद असताना. व्हॉल्व्हच्या डोक्यावरचं घड्याळ बघितलं, त्यात रात्रीचे दोन वाजून गेले होते. माझ्या घड्याळात सात-वीस. ते घड्याळ साध्या मोटरवर चालतं, बॅटरी नाही, लाइट गेली की थांबतं आणि आली की जिथे थांबलं तिथून पुढे. महिन्यामहिन्यांत थोडं थोडं करत पाच तास मागे पडलं होतं आणि रात्रीचं बॅकवॉश सरकत सरकत पहिल्या शिफ्टमध्ये येऊन बसलं होतं.

आता हिशोब बघा. बारा मशीन एकाच वेळी चालू असली तरी मिनिटाला ६ लिटर. त्याच लाइनला आरओचं रिजेक्ट (आरओने टाकून दिलेलं पाणी), ते आमच्याकडे मिनिटाला दहाएक लिटर. आणि बॅकवॉश बादली लावून मोजलं तर ६० च्या आसपास. म्हणजे ड्रेन लाइनचा खरा गिऱ्हाईक मशीन नव्हतंच, आरओ रूम होती, आणि नवीन चार स्टेशन जोडताना सगळ्यांनी फक्त मशीनचा विचार केला होता.

त्यात उताराची भर. फॉल्स सीलिंग उघडून नव्या आडव्या पाइपावर लेव्हल ठेवली तर बुडबुडा उलट्या बाजूला, म्हणजे पाइप स्टेशनकडेच किंचित झुकलेला. लाइनला हवा मिळायला व्हेंट पाइप तर नव्हताच, म्हणून ती गुडगुड. ट्रॅपही (पाणी साठून वास अडवणारा वाक) नव्हता, म्हणून मुळात वास, आणि वास म्हणून सिलिकॉन. मधल्या प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाणपण केलं होतं.

शेवटी ११ चं मशीन बाजूला घेऊन ड्रेनकडचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडला. सीटवर पांढरा खडा जमलेला, कार्बोनेटचा, आणि त्याच्या कडेने राखाडी बुळबुळीत थर. बोटाने दाबला तर व्हॉल्व्ह अर्धवट बसून तिथेच राहायचा. नळीचं तोंड सिलिकॉनने बंद असल्यामुळे वर चढणाऱ्या पाण्याला बाहेर सांडायला जागाच नव्हती, दाब थेट नळीतून मशीनकडे. हवेचं अंतर असतं तर काय झालं असतं? पाणी जमिनीवर सांडलं असतं, मावशींनी आरडाओरडा केला असता आणि पहिल्याच दिवशी प्रकरण मिटलं असतं.

पर्याय आणि वादावादी

त्या दुपारी डॉक्टर, इनचार्ज सिस्टर, प्लंबिंगचे सुपरवायझर आणि मी असे बसलो.

पहिला पर्याय सगळ्यात मोहाचा: घड्याळ लावा, चारही मशीनचे चेक व्हॉल्व्ह बदला, उद्यापासून चालू. डॉक्टरांचं म्हणणं, मशीनमध्ये उलटं पाणी रोखायची सोय कंपनीने दिलेली आहेच ना? प्रश्न रास्त होता. पण निव्वळ व्हॉल्व्हवर विसंबल्याची किंमत ह्या क्षेत्राने आधी मोजलेली आहे. १९९५ मध्ये कॅनडात आणि १९९७ मध्ये अमेरिका आणि इस्रायलमध्ये पेशंटच्या रक्तात जंतू सापडायला लागले, तेव्हा माग निघाला तो प्राइमिंगचं (सेशनआधी नळ्या भरून घ्यायचं) सलाइन टाकायला मशीनवर दिलेल्या वेस्ट पोर्टपर्यंत, आणि तिथले एकदिशा व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हते. व्हॉल्व्ह हा हलणारा भाग आहे, तो अडकतो, आणि अडकलाय हे बाहेरून दिसत नाही. हवेच्या अंतरात हलणारं काहीच नसतं.

दुसरा पर्याय सुपरवायझरचा: बॉक्सच्या तळाचं भोकही बंद करू, म्हणजे पाणी वर येणारच नाही. ह्याला मी जरा जोरातच नाही म्हणालो. पाणी येतंय हे दाखवणारी तेवढी एकच जागा उरली होती.

तिसरा, चारही स्टेशन बंद करून ड्रेन नीट करून घ्यायचा आणि तोवर त्या पेशंटना जुन्या आठवर तिसऱ्या शिफ्टला बसवायचं. इनचार्ज सिस्टरांचा ह्याला विरोध होता आणि त्यांची बाजू खरी होती, स्टाफ तेवढाच, रात्री उशिरा पेशंट घरी जाणार, थकलेल्या माणसांकडून चुका होणार. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही, पेशंट आठवड्यातून तीनदा येतोच. आणि पाण्याच्या कल्चरला आर-टू-ए वर (जंतू वाढवायच्या माध्यमावर) सात दिवस लागतात. म्हणजे रिपोर्टची वाट बघत बसलो तर तेवढ्यात प्रत्येक पेशंटची तीन सेशन होऊन जाणार. निर्णय रिपोर्टच्या आधीच घ्यायला लागणार होता.

काटा फिरला तो सिस्टरांच्याच निरीक्षणामुळे. म्हटलं चला, मशीन लावताना कुठे कुठे हात लागतो ते बघू, आणि एका सिस्टरांनी नेहमीसारखं करून दाखवलं. ग्लोव्ह घातले, बायकार्बचा कनेक्टर वॉल बॉक्समध्ये खटकन बसवला, बॉक्सच्या कडेला हात टेकला, वळल्या आणि कॅथेटरच्या क्लॅम्पकडे हात नेला. त्याच ग्लोव्हने. आणि स्वतःच थांबल्या. मशीनच्या आतून जंतू जातात का हा वाद घालत बसायची गरजच उरली नाही, हाताचा रस्ता उघडाच होता. अमेरिकेत २०१५-१६ मध्ये तीन केंद्रांमध्ये सेरॅशिया आणि स्यूडोमोनास हे जंतू रक्तात सापडले तेव्हा बोट ह्याच वॉल बॉक्सकडे गेलं होतं, साचलेलं पाणी आणि तिथून पेशंटकडे जाणारे हात. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "बंद करा चारही, शिफ्टचं मी बघते."

काय केलं

बंद करायच्या आधी ह्या वेळी ११ च्या मशीनचं सॅम्पल घेतलं, डिसइन्फेक्शन न करता. १० चं आधीच घेतलेलं होतं ते वर सांगितलंच.

सिलिकॉन कापून काढलं. नवी मांडणी अशी: मशीनची नळी, मग हवेचं अंतर, खाली नरसाळं, त्याखाली ट्रॅप आणि मग लाइन. अंतर किती ठेवायचं ह्याचा प्लंबिंगमधला नेहमीचा नियम म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिमी. आमची नळी बारीक, दुप्पट धरलं तरी २५ च्या आतच येत होतं, तरी ४० ठेवलं कारण माणसं नळी थोडी थोडी खाली सरकवतातच. मोजायचं नरसाळ्याच्या काठापासून, आतल्या पाण्यापासून नाही. पाणी चढलं की ते काठापर्यंत चढणार.

वासाला उत्तर ट्रॅप, ५० मिमी पाण्याचा सील असलेला, आणि व्हेंट, नाहीतर बॅकवॉशच्या ओढीने ट्रॅपमधलं पाणीच खेचलं जातं आणि वास परत हजर. पाइप बदलताना साधा यूपीव्हीसी नको म्हणून हट्ट धरला, कारण हीट डिसइन्फेक्शनचं पाणी ८०-९० डिग्रीचं बाहेर पडतं आणि त्याला तो मऊ पडून झोळ येतो. आमच्या पाइपाचा उलटा उतार काही अंशी त्यातूनच आला असावा असा मला संशय आहे. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी घातला, आधार जवळजवळ दिले, उतार लेव्हल लावून माझ्यासमोर तपासला. नवीन लाइनमध्ये रंगाचं पाणी सोडून बॅकवॉश मुद्दाम चालू केलं, बारापैकी कुठल्या बॉक्समध्ये रंग येतो का ते बघितलं. नाही आला.

बॅकवॉश आणि रिजेक्टला वेगळी लाइन दिली, खालच्या मोठ्या पाइपापर्यंत. त्यासाठी आरओ रूममध्ये शिरलो तर आणखी एक घबाड निघालं. सॉफ्टनरची ड्रेन नळी आणि आरओ रिजेक्टची नळी, दोन्ही जमिनीतल्या जाळीतून आत खोल घातलेल्या, पाणी उडू नये म्हणून. म्हणजे लाइनचं प्रेशर अचानक गेलं तर सॉफ्टनर गटारातून पाणी ओढू शकत होता. आणि कच्च्या पाण्याच्या टाकीत इनलेटचा पाइप ओव्हरफ्लोच्याही खाली उतरवलेला, बहुतेक आवाज येऊ नये म्हणून. पाइपाचं टोक बुडेपर्यंत टाकी भरली असताना बाहेरचं प्रेशर गेलं तर टाकीतलं पाणी पिण्याच्या लाइनला उलटं. तिन्ही पाइप कापले. पंधरा मिनिटांचं काम, करवतीचं.

मधल्या काळात एक प्रसंग होता होता राहिला. बंद असलेले बॉक्स घासायला म्हणून एका मावशींनी १० च्या बॉक्समध्ये ब्लीच ओतलं. तळाला ॲसिड कॉन्सन्ट्रेटचे थेंब साठलेले, लगेच झणझणीत वास, क्लोरिन. मावशी खोकत बाहेर, शेजारच्या ८ वरच्या पेशंटलाही ठसका लागला. खिडक्या उघडून पेशंटचं बेड पुढे ओढलं, थोडक्यात निभावलं. त्यांची चूक नव्हती, "बॉक्स डिसइन्फेक्ट करा" एवढंच आम्ही सांगितलं होतं. आधी भरपूर साधं पाणी आणि मगच ब्लीच; आणि जिथे ॲसिड किंवा पेरासेटिक (दुसरं जंतुनाशक) चालू असेल तिथे ब्लीच अजिबात नाही, हे नंतर शिकवलं.

आणि हाताचं: बॉक्समधल्या जोडण्या झाल्या की ग्लोव्ह काढायचे, हात स्वच्छ करायचे, नवे ग्लोव्ह घालून मगच पेशंट.

निकाल

चार स्टेशन नऊ दिवस बंद होती. पेशंट तीन दिवसांत बरा झाला, ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं. १० च्या मशीनचं सॅम्पल स्वच्छ, त्यात आश्चर्य काय, हीट लावून झाल्यावर घेतलेलं. ११ चं मिलीलिटरला ८० सीएफयू (वाढलेल्या जंतूंची मोजणी) आलं. मर्यादा १०० च्या आतच, पण ५० ला कारवाई सुरू करायची असते त्याच्या वर. त्याच आठवड्यात आरओ लूपचं (मशीनपर्यंत शुद्ध पाणी नेणाऱ्या पाइपाचं) सॅम्पल एक आकडी होतं, म्हणजे भर मशीनच्याच बाजूला कुठेतरी पडत होती. व्हॉल्व्ह बदलून, दोन वेळा डिसइन्फेक्शन करून परत तपासलं तेव्हा खाली आलं.

मग त्या पेशंटचा ताप ड्रेनमुळेच होता का? सांगता येत नाही. परमकॅथ स्वतःच ताप द्यायला पुरेसा असतो. डॉक्टरांनी फाइलमध्ये "शक्य, सिद्ध नाही" असं लिहिलं आणि मला ते बरोबर वाटतं.

नव्या मांडणीबद्दल पहिली तक्रार आठवड्यात आली, पाणी उडतं. खरं होतं. नळीचं टोक तिरकं कापून धार नरसाळ्याच्या भिंतीवरून उतरेल असं केलं, तक्रार संपली. सहा आठवड्यांनी राउंडला गेलो तर ९ ची नळी परत नरसाळ्यात बुडालेली. कुणीतरी आवाज येतो म्हणून खाली ढकललेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की क्लिप घट्ट असून उपयोग नाही, ती सरकताच येता कामा नये, मग ब्रॅकेट स्क्रूने भिंतीत पक्के केले.

परत करायचं झालं तर

ताप आलेल्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, सॅम्पल आधी, डिसइन्फेक्शन नंतर, हे लिहून प्रत्येक मशीनवर चिकटवलं असतं. ते सॅम्पल घालवल्याची हळहळ अजून आहे.

अलार्मची वेळ लिहून ठेवली असती. चार अलार्म, चारही सात ते साडेसातमध्ये. लॉगमध्ये ते सगळं होतं, मी तारखा बघत होतो आणि तासांकडे बघितलंच नाही. आणि सिस्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो असतो तर किमान एक आठवडा वाचला असता.

स्टेशन बंद करायचा निर्णय मात्र तोच घेतला असता, फक्त चार एकदम न करता दोन-दोन करून बघितलं असतं. तिसऱ्या शिफ्टने स्टाफची फार दमछाक झाली, सिस्टरांचं म्हणणं शेवटी खरंच ठरलं.

ड्रेन आता माझ्या महिन्याच्या यादीत आहे. बॅकवॉशच्या घड्याळाची वेळ दर सोमवारी आणि लाइट गेली असेल तर त्याच दिवशी. अंतर मोजायला पाइपाचा ४० मिमीचा तुकडा कापून दोरीला बांधून ठेवलाय, नळी आणि नरसाळ्याच्या मध्ये तो बसला तर ठीक. हे काम आता मावशीच करतात, पट्टी लावून मोजण्यापेक्षा लवकर होतं. पहिल्याच फेरीत त्यांनी जुन्या आठ स्टेशनलाही तो तुकडा लावून बघितला, मी सांगितलं नव्हतं. ३ आणि ६ ला बसला नाही. ६ ची नळी नुसती सैल होऊन खाली आली होती, आणि ३ चं नरसाळं फुटलंय म्हणून कधीतरी कुणीतरी नळी सरळ पाइपात सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती.